कागदावरचा भाडेकरू

पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरात तुमचे स्वतःचे घर असेल, तर त्या घरात कायद्याने आणखी एक जण राहतो. तो भाडेकरू आहे. त्याला कुणी पाहिलेले नाही, त्याच्याशी करारनामा झालेला नाही, अनामत रक्कम तर दूरच. पण तो महिन्याला किती भाडे देईल याचा हिशेब महापालिकेच्या कर आकारणी खात्याने करून ठेवला आहे आणि त्याने कधीच न दिलेल्या या भाड्यावर तुम्ही दर वर्षी कर भरता. मुंबईकरांच्या घरातून त्याने २०१० साली बिऱ्हाड हलवले. इतर बहुतेक महापालिकांत तो अजून मुक्कामाला आहे. घरपट्टीचे बिल हाती आले की आपण तळाचा आकडा पाहतो आणि चडफडतो. तो आकडा कुठून आला हे कळायचे असेल, तर या भाडेकरूचे कूळ शोधावे लागते.

घरपट्टी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. मराठेशाहीत गावाच्या वसुलाचे दोन भाग असत. जमिनीचा सारा ही ऐनजमा आणि बाकी सगळे शिवायजमेत. या शिवायजमेत नाना पट्ट्या होत्या. राज्य कर्जात बुडाले की कर्जपट्टी, लग्न लागले की लग्नटका, विधवेने पाट लावला तर पाटदाम, आणि दुकानदार, कोष्टी, तेली अशा धंदेवाल्यांवर मोहतर्फा. घरपट्टी याच कुटुंबातली. जमीन नांगरणारा सारा देतो, मग ज्याच्याकडे जमीन नाही पण घर आणि धंदा आहे त्याने काय द्यायचे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. पट्टीचा रिवाज असा की सरकारची गरज आधी ठरायची आणि वाटणी मागाहून व्हायची. घराची किंमत किती, भाडे किती, हे कुणी विचारत नसे. ब्राह्मण आणि गावचे वतनदार यांना बऱ्याच ठिकाणी सूट असे, त्यामुळे उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येई. हे अन्याय्य होतेच, पण त्यात काल्पनिक काही नव्हते.

कंपनी सरकारने या किरकोळ पट्ट्यांचा निकाल १८४४ सालच्या एकोणिसाव्या कायद्याने लावला. मुंबई इलाख्यातली शहरजकात, मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर, धंद्यांवरच्या पट्ट्या एका फटक्यात रद्द झाल्या. भरपाई म्हणून मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला आणि त्यावरून त्याच वर्षी सुरतेत दंगल उसळली. शेवटी तो बारा आण्यांवर आणावा लागला. कर रद्द झाल्याची बातमी आली की नवा कोणता येतो आहे हे पाहायची आपल्याकडची सवय तेव्हापासूनची असावी.

घरावर थेट कर बसवण्याचा धडा कंपनीने त्याच्या आधीच एकदा घेतला होता, काशीत. १८१० च्या पंधराव्या रेग्युलेशनने बंगाल इलाख्यातल्या काही मोठ्या शहरांत घरांवर वार्षिक भाड्याच्या पाच टक्के आणि दुकानांवर दहा टक्के कर लावायचे ठरले. मोजणीदार गल्ल्यांत फिरू लागले आणि डिसेंबरात काशी ठप्प झाली. दुकाने बंद, लोहारांनी आसपासच्या गावांतल्या लोहारांना बोलावून घेतले, न्हाव्यांनी वस्तरे ठेवले, नावाड्यांनी होड्या बांधून टाकल्या. हजारो लोक शहराबाहेर धरणे धरून बसले. मृतांचे क्रियाकर्म करायला माणसे मिळेनात म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडली जात असल्याचे इंग्रज मॅजिस्ट्रेटने वरिष्ठांना कळवले. गांधीजींच्या सत्याग्रहाची मुळे शोधणाऱ्या धर्मपाल यांनी हा सगळा पत्रव्यवहार १९७१ साली पुस्तकरूपाने पुढे आणला.

मला त्या आंदोलनापेक्षा लोकांच्या अर्जातला युक्तिवाद जास्त लक्षात राहिला. त्यांचे म्हणणे असे की आजवरच्या कोणत्याही सुलतानाने प्रजेच्या वडिलार्जित किंवा खरेदी केलेल्या घरावर हक्क सांगितला नव्हता. जकात आम्ही देतो, स्टँप लावतो, आता घरही का? शिवाय काशीतल्या कितीतरी घरांत विधवा आणि आश्रित राहतात, त्यांना घराचे उत्पन्न काहीच नाही. राहत्या घरातून पैसा येत नाही, मग त्यावर कर कसला, ही आजच्या निवृत्त फ्लॅटमालकाची तक्रार दोनशे वर्षांपूर्वी काशीत लेखी नोंदली गेली आहे. सरकारने माघार घेतली. पुढे १८१६ मध्ये बरेलीत चौकीदारी करावरून रक्तपात झाला, त्यात शेकडो माणसे गेली.

आता भाडेकरू जन्मला त्या देशात जाऊ. इंग्लंडात १६०१ च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशला आपल्या हद्दीतल्या गरिबांसाठी स्थानिक पट्टी बसवण्याचा अधिकार दिला. ती घर वापरणाऱ्याकडून वसूल होई. पण कुणाकडून किती? घराची ऐपत मोजायची कशाने, यावर इंग्रजांनी बरेच प्रयोग केले. १६६२ मध्ये केंद्र सरकारने चुलींवर कर बसवला. चुली मोजायला अधिकारी घरात शिरू लागले, लोक खवळले, १६८९ मध्ये तो गेला. मग १६९६ मध्ये खिडक्यांवर कर आला, कारण खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात. लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि अंधारात राहिले. तोही १८५१ पर्यंत टिकला. स्थानिक पट्टी मात्र भाड्याच्या अंदाजावर चालत राहिली, पण प्रत्येक पॅरिशचा अंदाज निराळा. १८३६ च्या कायद्याने हे एकसारखे केले: घर वर्षानुवर्षाच्या कराराने भाड्याने दिले, तर वाजवीपणे जे भाडे मिळेल अशी अपेक्षा करता येईल, ते त्याचे मूल्य. घर खरोखर भाड्याने दिले आहे की नाही याला महत्त्व उरले नाही. असे भाडे देणाऱ्याला तिथले वकील कल्पित भाडेकरू म्हणू लागले आणि त्याच्या स्वभावावर, ऐपतीवर, सौदा करण्याच्या हुशारीवर शेकडो निकाल लिहिले गेले.

मुंबईत घरमालकाकडून पैसे घ्यायची सुरुवात १७९३ च्या सनदी कायद्याने झाली. त्यात कलकत्ता, मद्रास आणि मुंबईतल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींना रस्ते झाडणे, दुरुस्त करणे आणि पहारा ठेवणे यासाठी घरांवर आकारणी करण्याची मुभा मिळाली. मर्यादा होती वार्षिक मूल्याच्या विसाव्या हिश्श्याची. इथे जुन्या पट्टीपेक्षा एक मोठा फरक पडला. पैसा कशासाठी घेतो आहोत हे कायद्यातच लिहिले गेले. झाडू, दुरुस्ती, पहारेकरी. कर देणाऱ्याला विचारायचा हक्क मिळाला तो इथून, जरी तो हक्क बजावायला पुढे ऐंशी वर्षे लागली.

ती वेळ आणली आर्थर क्रॉफर्ड यांनी. १८६५ च्या कायद्याने ते मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. कापसाच्या पैशाने फुगलेली आणि त्याच वर्षी फुटलेली मुंबई त्यांच्या हाती आली. गटारे, रस्ते, मंडई यांवर त्यांनी असा खर्च केला की आजही मंडईला लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. हिशेब मात्र कोलमडला. १८७१ मध्ये घरपट्टी देणाऱ्यांनी उठाव केला. सभा झाल्या, अर्ज गेले. तरुण फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या भाषणात क्रॉफर्डची बाजू घेतली आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांचे म्हणणे होते की माणूस बदलून काही होणार नाही, पैसे देणाऱ्यांचे प्रतिनिधी सभागृहात बसले पाहिजेत. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट जणांची कॉर्पोरेशन आली. त्यातले बत्तीस जण करदात्यांनी निवडायचे होते. मत कुणाला? वर्षाला किमान पन्नास रुपये म्युनिसिपल कर भरणाऱ्याला. मुंबईत मतपेटीपर्यंत जायची वाट पहिल्यांदा घरपट्टीच्या पावतीतून गेली. चाळीत भाड्याने राहणाऱ्या गिरणी कामगाराच्या भाड्यातूनच मालक ही पट्टी वसूल करत होता, पण पावती मालकाच्या नावे, म्हणून मतही मालकाचे.

मग १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा आला. आजही मुंबई याच कायद्यावर चालते. त्याच्या १५४ व्या कलमात १८३६ चे ते इंग्रजी वाक्य जवळपास जसेच्या तसे येऊन बसले. वर्षानुवर्षे भाड्याने दिल्यास वाजवीपणे अपेक्षित असलेले वार्षिक भाडे काढायचे, त्यातून दुरुस्ती आणि इतर सगळ्या खर्चापोटी दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. दहाच टक्के का, तर त्यावरून रोज भांडण नको म्हणून. तुमचे घर दर पावसाळ्यात गळत असो की शेजाऱ्याचे कधीच न गळो, वजावट दहा. इतर शहरांसाठी १९४९ साली आलेल्या कायद्यानेही हेच सूत्र उचलले. अशा रीतीने इंग्लंडचा भाडेकरू सोलापुरात आणि कोल्हापुरात राहायला आला.

१८८८ च्या यादीतला एक कर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. हलालखोर कर. मुंबईच्या संडासांतला मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्यांना शहर हलालखोर म्हणत असे. आधी ते घरमालकांशी परस्पर बांधलेले असत, मग म्युनिसिपालिटीने ते काम आपल्याकडे घेतले आणि त्याचा कर बसवला. गिरगाव, भुलेश्वरच्या जुन्या इमारतींमध्ये दोन भिंतींमधली जी अरुंद घाण गल्ली दिसते, हाऊस गल्ली, ती या माणसांसाठी ठेवलेली वाट होती. त्यांनी पुढच्या दाराने यायचे नाही म्हणून. शहराने त्यांना समोरून कधी पाहिले नाही, पण त्यांच्या श्रमाची किंमत मालकाच्या बिलावर स्वतंत्र ओळीत छापली जात राहिली. पुढे नळ आणि भुयारी गटारे आली, कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती ओळ मलनिःसारण कर झाली.

बिल असे थराथराने वाचता येते. सर्वसाधारण कर म्हणजे १७९३ चा झाडू आणि पहारेकरी. पाणीपट्टीमागे १८६० साली विहार तलावाचे पाणी मुंबईत आले तो काळ. राज्य शिक्षण कर १९६२ च्या कायद्यातला. रोजगार हमी कर १९७२ च्या दुष्काळाने मागे ठेवलेला. वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेसाठी शहरांतल्या व्यापारी मिळकतींकडून पैसा घ्यायचा, म्हणजे खडी फोडणाऱ्या ग्रामीण मजुराच्या मजुरीत मुंबईतल्या दुकानाचा वाटा असायचा. वृक्ष उपकर १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे. एकदा बिलावर चढलेली ओळ सहसा उतरत नाही. खेड्यातही तेच. विजेचा दिवा येऊन कित्येक वर्षे लोटली, तरी ग्रामपंचायतीच्या पावतीवर दिवाबत्ती कर आहेच.

मुंबई अशी घरपट्टीवर चालत असताना इलाख्यातली बाकीची शहरे तिच्यापासून जमेल तेवढी लांब पळत होती. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांनी मागितली तर म्युनिसिपालिटी देण्याची सोय झाली, पुण्याची १८५७ ची. घरपट्टी बसवणे या संस्थांच्या हाती होते, पण त्यांनी प्रेम केले ते जकातीवर. कारण सरळ आहे. जकात नाक्यावर गाडीवान देतो, मग ती गुळाच्या आणि तुपाच्या भावात मुरते आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही. घरपट्टीचा माणूस मात्र दारात उभा राहतो. आणि म्युनिसिपालिटीत बसलेले बहुतेक सभासद स्वतःच वाडेमालक होते. त्यांनी आपल्याच वाड्यावर जास्त कर का बसवावा? ही सवय सुमारे दीडशे वर्षे टिकली. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली, मुंबईची वस्तू आणि सेवा करामुळे १ जुलै २०१७ पासून. मधल्या काळात इतर महापालिकांत एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, येऊन गेला. आज पालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्तेचाच. गेल्या काही वर्षांत ठाण्यात, पुण्यात थकबाकीदारांच्या दारापुढे बँडबाजा वाजू लागला त्याचे कारण इथे आहे.

आपल्या भाडेकरूच्या आयुष्यातला सगळ्यात विनोदी भाग स्वातंत्र्यानंतरचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. खऱ्या भाडेकरूंना दिलासा मिळाला, पागडीचा व्यवहार फोफावला. पण मग प्रश्न आला: कागदावरच्या भाडेकरूचे काय? १९६१ मध्ये कलकत्त्याच्या पद्मादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाजवी भाडे म्हणजे कायद्याने घेता येईल तेवढेच भाडे. मालक कायदा मोडून जे घेईल, ते वाजवी कसे म्हणावे? तर्क बिनतोड होता. १९७९ मध्ये दिल्लीच्या दौलतराय कपूर खटल्यात तो टोकाला गेला. मालक स्वतः घरात राहत असेल, घर कधीच भाड्याने दिलेले नसेल, तरी त्याच्या घरातल्या कल्पित भाडेकरूला प्रमाणित भाड्याचे संरक्षण आहे. नसलेल्या माणसाला भाडेवाढीपासून वाचवले गेले.

याचा परिणाम बिलांवर दिसला. दक्षिण मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या जुन्या इमारतीतला प्रशस्त फ्लॅट १९४० च्या भाड्यावर कर भरायचा, आणि उपनगरातली नवी दोन खोल्यांची जागा नव्या भाड्यावर. करयोग्य मूल्य वाढवता येईना म्हणून पालिकांनी कराचे टक्के वाढवले. त्यामुळे आजही घरपट्टीचे दर तीस-चाळीस टक्के असे ऐकून माणूस दचकतो. ते टक्के बाजारातल्या भाड्याचे नसतात, आकारणी खात्याने धरलेल्या किरकोळ भाड्याचे असतात.

हे एकदा हिशेबाने पाहिलेले बरे. समजा पुण्यात सहाशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे आणि त्या भागाला चौरस फुटाला महिना दोन रुपये दर धरलेला आहे. वर्षाचे भाडे झाले १४,४०० रुपये. दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य १२,९६० रुपये. सगळ्या करांचे मिळून समजा चाळीस टक्के, तर बिल ५,१८४ रुपये. आता मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात भाड्याच्या रकमेत चाळीस टक्के सवलत आहे. मग १४,४०० चे ८,६४०, दहा टक्के जाऊन ७,७७६ आणि बिल सुमारे ३,११० रुपये. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण गणिताची रीत हीच. तेव्हा बिलाशी भांडायचे असेल तर तळाच्या रकमेशी भांडून उपयोग नसतो. क्षेत्रफळ चटई धरले आहे की बांधीव, भागाचा दर कोणता लावला, वापर निवासी लिहिला आहे की व्यापारी, बांधकामाचे वर्ष काय, या चार रकान्यांत चूक सापडते. सापडली नाही तर बहुधा बिल बरोबर असते.

पुण्याच्या त्या चाळीस टक्क्यांना स्वतःचा इतिहास आहे. १९७० मध्ये पुणे महापालिकेने ठराव करून राहत्या घरमालकाला ही सवलत दिली. काशीकरांचा मुद्दा, म्हणजे राहते घर पैसा देत नाही, महापालिकेने १६० वर्षांनी अर्धामुर्धा मान्य केला असे मी म्हणेन. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि राज्य सरकारने ठराव रद्द केला. २०१९ पासून नव्या आकारणीच्या घरांना पूर्ण रकमेची बिले गेली. एकाच सोसायटीत, एकाच मजल्यावर, दोन शेजाऱ्यांच्या बिलांत चाळीस टक्क्यांचा फरक. ओरड झाली आणि २०२३ मध्ये सवलत परत आली. पण ती आपोआप लागत नाही. पीटी-३ नावाचा अर्ज भरून आपण स्वतःच इथे राहतो हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. सवलतीचा हक्क मालकाचा, आणि कागदावरचा भाडेकरू खरा नाही हे शाबीत करायची जबाबदारीही मालकाचीच.

मुंबईने हा घोळ तोडून टाकला. कायदा दुरुस्त करून १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी सुरू केली. भाडे किती येईल हा प्रश्नच काढून टाकला. मुद्रांक शुल्कासाठी सरकार दर वर्षी जो रेडी रेकनर काढते, त्यातला जागेचा दर घ्यायचा, क्षेत्रफळाने गुणायचा, मग वापर, बांधकामाचा प्रकार, वय, मजला यांचे भारांक लावायचे. मूल्य लाखांत आणि कोटींत येते, म्हणून कराचा दर टक्क्याच्या अंशात. दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचे. वाढ एकदम अंगावर येऊ नये म्हणून मर्यादा ठेवली आणि पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना सुरुवातीची पाच वर्षे वाढीतून वगळले.

यात एक लबाडीही शिरली. नियमांत अशी तरतूद होती की जमिनीवर आज काय उभे आहे एवढेच न पाहता पुढे किती बांधता येईल, म्हणजे न वापरलेला एफएसआयही, मूल्यात धरायचा. भाडेकरू काल्पनिक होता, आता इमारतच काल्पनिक झाली. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने भांडवली मूल्याची पद्धत वैध ठरवली, पण ते नियम रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. कर आज जे आहे त्यावर.

पाचशे फुटांची गोष्ट मात्र न्यायालयाची नसून निवडणुकीची आहे. २०१७ च्या प्रचारात दिलेले माफीचे आश्वासन २०१९ मध्ये अर्धे पुरे झाले. सर्वसाधारण कर तेवढा माफ, बाकीच्या ओळी कायम. जुने थर असे कामाला आले. १ जानेवारी २०२२ ला पूर्ण माफीची घोषणा झाली आणि ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या सुमारे सोळा लाख घरांचे बिल शून्यावर आले. राजकीय सोय म्हणून मला ती कळते. पण ज्या शहरात पन्नास रुपये कर भरून लोकांनी मत मिळवले, तिथे निम्म्याहून अधिक निवासी घरांचा पालिकेशी पैशाचा संबंधच राहू नये, हे मला खटकते. थोडी का होईना, पावती हातात असलेला माणूस गटार तुंबल्यावर वेगळ्या आवाजात बोलतो.

नवे घर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी कायद्यात पहिल्यापासून आहेत आणि तरी लोक त्यांत अडकतात. एक, दस्त नोंदला म्हणून पालिकेच्या वहीतले नाव बदलत नाही. हस्तांतराची सूचना तीन महिन्यांत स्वतः द्यावी लागते. दुसरी, थकबाकी माणसाला चिकटत नाही, घराला चिकटते. मालमत्तेवर तिचा पहिला बोजा असतो. विकणारा परदेशी गेला तरी वसुलीचा कागद तुमच्याच दारावर लागतो, आणि थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढत असते, म्हणजे वर्षाला चोवीस. बेकायदा बांधकामावर दुप्पट शास्तीची तरतूद निराळी. पिंपरी-चिंचवडमध्ये त्या शास्तीकरावर किती निवडणुका लढल्या गेल्या हे तिथल्या माणसाला विचारावे. २०२३ मध्ये तो माफ झाला. कर किंवा शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे मात्र तेव्हाही खरे होते आणि आताही आहे.

नगरपालिकांच्या गावांत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिला सगळे चतुर्थवार्षिक म्हणतात. यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते. यादी पाहायला फारसे कुणी जात नाही, बिल आल्यावर गर्दी होते.

खेड्यांत भाडेकरूची कल्पना कधी रुजलीच नाही. गावठाणातले घर कोण भाड्याने घेणार? ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याखाली घरपट्टी बसवते, बरीच वर्षे ती क्षेत्रफळावर होती. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आणि ३१ डिसेंबर २०१५ ला नियम बदलून तिथेही भांडवली मूल्य आले. मातीचे घर, दगड-विटांचे, आरसीसी अशी वर्गवारी, घराच्या वयाप्रमाणे घसारा, आणि दर हजारी काही पैसे. आकारणीची वही म्हणजे नमुना ८. तलाठ्याकडचा आठ-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. बँकेच्या दारात या दोन आठांनी कितीतरी लोकांना परत पाठवले आहे. गावठाणाची मोजणी न झालेल्या गावांत घर आपले आहे हे दाखवायला दुसरा कागदच नसल्याने नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती यांनाच लोक मालकीहक्क समजत आले. न्यायालये तसे मानत नाहीत. करपावती ताबा दाखवते, हक्क देत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम चालले आहे, ते पुरे होईल तेव्हा पावतीवरचा हा भार उतरेल.

पण मालकी देऊ न शकणाऱ्या या वहीने एक काम केले. २००३ पासून ‘घर दोघांचे’ या मोहिमेत राज्य सरकारने ग्रामपंचायतींना नमुना ८ मध्ये नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावायला सांगितले. त्याला खरेदीखत लागत नाही, मुद्रांक लागत नाही. ग्रामसेवकाने घरमालकाच्या रकान्यात आणखी एक नाव लिहायचे. काही गावांनी सरसकट सगळ्या घरांवर लावले, काही गावांत अर्ज आला की ‘मालकांना पाठवा’ असे उत्तर मिळाले. जिथे नोंद झाली तिथे घरपट्टीची मागणी आता दोघांच्या नावे निघते.